रंग बुबुळासमोर चालेल, बाहुलीसमोर नको

चाळिशी ओलांडल्यावर रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सची चौकशी करणाऱ्यांची कारणे दोन प्रकारची असतात. काहींना डोळे वेगळे दिसायला हवे असतात. घरात लग्न असते, चष्म्याशिवायचे फोटो हवे असतात, बुबुळाच्या कडेला उमटलेले राखाडी वलय झाकायचे असते. दुसऱ्यांना आपल्याला दिसते ते सुधारायला हवे असते. समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येतात, उन्हात डोळे उघडवत नाहीत, अक्षरे फिकी वाटतात, आणि लेन्सला जरा रंग असला तर हा त्रास निवळेल अशी त्यांना आशा असते. दुकानात दोघांपुढेही ‘कलर लेन्स’च येते, पण दोघांच्या गरजा अगदी निराळ्या आहेत. दिसण्यासाठी रंग हवा असेल, तर मधोमध पारदर्शक असलेली लेन्स काही अटी पाळून वापरता येते. पाहण्यासाठी रंग हवा असेल, तर तो चष्म्यात घ्यावा, लेन्समध्ये नको. थोडे अपवाद सोडले तर वाढत्या वयात रंग बुबुळासमोर चालतो, बाहुलीसमोर ठेवू नये. असे का, हे समजले की दुकानातली निवड पुष्कळ सोपी होते.

चाळिशीत पहिल्यांदा जाणवते ते जवळचे दिसेनासे होणे. डोळ्यातले नैसर्गिक भिंग कडक होत जाते, जवळ पाहताना त्याला पूर्वीसारखे फुगता येत नाही, आणि हातातला पेपर लांब धरावा लागतो. हे सर्वांना ठाऊक असते. त्याच काळात होणारा दुसरा बदल मात्र सहसा कोणी समजावून सांगत नाही. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि अंधारात ती तरुणपणाइतकी रुंदावत नाही. भिंगही पिवळसर होते आणि विशेषतः निळ्या-जांभळ्या छटांचा प्रकाश अडवू लागते. परिणामी साठीतल्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर पोहोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच असतो. औषधाच्या वेष्टनावरची तारीख ट्यूबलाइटखाली वाचता येते आणि संध्याकाळी खिडकीपाशी वाचता येत नाही, जिन्याची शेवटची पायरी फरशीत मिसळून जाते, नाट्यगृहात शिरल्यावर खुर्चीचा क्रमांक पटकन सापडत नाही, हे सगळे त्यामुळेच. थोडक्यात, या वयात डोळ्याला प्रकाशाचीच टंचाई असते. अशा डोळ्यासमोर रंगाचा आणखी एक थर ठेवताना विचार करायला हवा.

प्रकाश कमी पडतो, तर मग दिवे डोळ्यांवर का येतात, असा प्रश्न इथे रास्त आहे. गाडीची समोरची काच धुळकट असली की समोरून दिवे आल्यावर सगळी काच पांढरी होते आणि रस्ता दिसत नाही. भिंग किंचित गढूळ झाले की डोळ्याच्या आत हेच घडते. आलेला प्रकाश विखुरतो, दृष्टिपटलावर पांढुरका पडदा पसरतो आणि रस्ता ओलांडणारा माणूस त्या पडद्याआड जातो. अशा वेळी रंगीत लेन्स दिव्याचा प्रकाश जितका कमी करते, तितकाच त्या माणसावरून येणारा प्रकाशही कमी करते. दोन्हींचे परस्पर प्रमाण तसेच राहते. झगझगाट थोडा सुसह्य वाटतो, पण माणूस आधीपेक्षा स्पष्ट दिसत नाही, उलट सगळेच दृश्य अंधारते. शिवाय पन्नाशी-साठीत नव्याने सुरू झालेला झगझगाट ही पुष्कळदा मोतीबिंदूची सुरुवात असते. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात ५० वर्षांवरच्या लोकांमधील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आढळले आणि त्याचा वाटा ६६.२ टक्के होता. ज्या त्रासावर शस्त्रक्रियेचा खात्रीचा इलाज आहे, तो रंगाने सुसह्य करून तपासणी पुढे ढकलणे हे या लेन्सपासून होणारे सर्वांत मोठे नुकसान आहे. म्हणून झगझगाट, अंधूकपणा किंवा वरचेवर बदलणारा नंबर यांपैकी काही नव्याने सुरू झाले असेल, तर आधी बाहुली मोठी करून डोळे तपासून घ्यावेत आणि लेन्सचा विषय त्यानंतरच काढावा.

आता लेन्सवरच्या रंगाकडे पाहू. अनेक साध्या लेन्सना अगदी फिकी निळसर झाक दिलेली असते. सोल्यूशनमध्ये लेन्स सापडावी एवढाच तिचा उपयोग, डोळ्यात ती दिसत नाही आणि पाहण्यात काही फरक पडत नाही. ज्यांना जवळचे धड दिसत नाही त्यांना ही झाक फार सोयीची, तेव्हा अशी लेन्स निःशंक घ्यावी. दुसरा प्रकार पारदर्शक रंगाचा. तो घाऱ्या किंवा निळ्या डोळ्यांचा मूळ रंग गडद करतो. आपल्याकडच्या काळ्याभोर किंवा गडद तपकिरी डोळ्यांवर तो जवळजवळ उमटतच नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. तिसरा प्रकार अपारदर्शक रंगाचा. त्यात बुबुळाच्या जागी बारीक ठिपक्यांची नक्षी छापलेली असते आणि मधला गोल रिकामा असतो. गडद डोळ्यांचा रंग खऱ्या अर्थाने बदलतो तो याच लेन्सने. चौथ्या प्रकारात रंग बाहुलीसमोरच असतो आणि तिथून जाणारा प्रकाश गाळणे हेच त्याचे काम असते. दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न त्यामुळे ‘कोणकोणते रंग आहेत’ हा नसून ‘मधला भाग रिकामा आहे का, आणि केवढा’ हा असला पाहिजे.

तिसऱ्या प्रकाराच्या बाजूने एक चांगला मुद्दा मांडला जातो. मधला रिकामा गोल ठरावीक मापाचा असतो. तरुणांची बाहुली अंधारात त्याहून मोठी झाली की ठिपके नजरेच्या वाटेत येतात आणि दिव्यांभोवती वलये दिसतात. वयस्कांची बाहुली मुळातच लहान, तेव्हा त्यांना ही अडचण येऊ नये. यात तथ्य आहे. चाळिशीनंतर अपारदर्शक लेन्सला सरसकट नकार देऊ नये, असे मला वाटते ते याच कारणाने. पण मॉडेलागणिक तो गोल लहान-मोठा असतो आणि लेन्स डोळ्यावर एका जागी बसून राहत नाही. पापणी मिटली की ती सरकते, आणि वयाने पापण्या सैल झाल्या, अश्रू कमी झाले की तिची जागा आणखी ढळते. गोल बाजूला सरकला की लहान बाहुलीवरही ठिपके येतातच. अपारदर्शक लेन्स घातल्यावर कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्यावरचे फिके ओळखण्याची क्षमता, कमी होते असे अभ्यासांतही दिसले आहे. तरुण डोळ्याला ही घट सोसते, कारण त्याच्याकडे शिल्लक असते. साठीत ती शिल्लक थोडी असते. म्हणून डोळ्यांसाठी करडी, हिरवी की मधाळ हे ठरवण्याआधी दवाखान्यात लेन्स घालून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, ती स्थिरावू द्यावी, मग खोलीतले दिवे मंद करायला सांगून फिक्या अक्षरांचा तक्ता वाचावा, जिना उतरून पाहावा, बाहेर जाऊन दिव्याकडे पाहावे. त्यात अडखळायला झाले, तर दिसायला कितीही छान असली तरी ती लेन्स परत करावी. आणि अशी लेन्स घालून रात्री गाडी चालवूच नये.

बाहुलीसमोरच्या रंगाचे समर्थन करणारे म्हणतात, पिवळ्या रंगातून सगळे उजळ आणि ठसठशीत दिसते. दिवसा, धुकट हवेत काहींना तसे वाटते हे खरे आहे. पण उजळ वाटणे आणि जास्त दिसणे यांत अंतर आहे. २०१९ मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांमुळे रस्त्यावरचा पादचारी अधिक लवकर दिसतो असे आढळले नाही. निळा प्रकाश अडवून दृष्टिपटल वाचवण्याचा दावाही असाच. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन परीक्षणात त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे दिसले नाही आणि दृष्टिपटलाच्या रक्षणाबद्दल भरवशाचा पुरावा मिळाला नाही. पिवळसर झालेले वयस्क भिंग तर निळा प्रकाश आधीच मोठ्या प्रमाणात अडवत असते.

समजा एखाद्याला उन्हात खरोखर रंगाची गरज आहे. तरीही तो लेन्समध्ये का नसावा? कारण चष्मा क्षणात काढता येतो, लेन्स काढता येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भर दुपारी भाताण किंवा मडप बोगद्यात गाडी शिरते, तेव्हा डोळ्याला लख्ख उन्हातून अंधारात जुळवून घ्यायला काही सेकंदच मिळतात, आणि वाढत्या वयात हे जुळवून घेणे मंदावलेले असते. गॉगल तिथे कपाळावर ढकलता येतो. उन्हात आपोआप गडद होणारी कॉन्टॅक्ट लेन्स निघाली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या अशा लेन्सला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मान्यता दिली. पण गडद लेन्स पुन्हा फिकी व्हायला एखाद-दीड मिनिट जाते आणि तोवर बोगदा संपलेला असतो. गॉगलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश आत सोडणारी काच संध्याकाळी आणि रात्री गाडी चालवताना वापरू नये. गॉगलला लावायची ही सावधगिरी, संध्याकाळ झाली तरी डोळ्यातच राहणाऱ्या लेन्सला अधिकच लागू पडते. उन्हासाठी रुंद कडांचा, अतिनील किरण अडवणारा गॉगल आणि टोपी यांनी भागते.

अपवाद कोणते ते स्पष्ट सांगायला हवे, कारण ज्यांना ही लेन्स खरोखर हवी आहे त्यांनी हे वाचून माघार घेऊ नये. जन्मतःच बुबुळ नसणे, अपघातात किंवा शस्त्रक्रियेत बुबुळाला इजा होऊन बाहुली कायमची मोठी राहणे, वर्णहीनतेमुळे बुबुळातून प्रकाश झिरपणे, अशा डोळ्यांत खरे बुबुळ जे काम करत नाही ते लेन्सवर छापलेले गडद बुबुळ करते आणि आत येणारा प्रकाश आवरते. डोळ्यात फूल पडून नजर गेली असेल, तर काळी बाहुली छापलेली लेन्स तो पांढरा डाग झाकते, आणि त्यामुळे माणसाला चारचौघांत नजर वर करून बोलता येते. हा उपचार आहे, याला हौस कोणी म्हणू नये. मॅक्युलाच्या झिजेने मधली नजर अधू झालेल्या काहींना पिवळ्या किंवा अंबर छटेने आराम वाटतो. त्यांनी लो व्हिजन क्लिनिकमध्ये चष्म्यावर वेगवेगळ्या छटा लावून पाहाव्यात.

रंगाचे ठरले तरी नंबरचा प्रश्न उरतो, आणि चाळिशीनंतर बहुतेकांची निराशा इथेच होते. अपारदर्शक रंगीत लेन्स मुख्यतः साध्या गोल नंबरात मिळतात. सिलिंडरचा नंबर असलेल्या फार थोड्या आहेत, आणि दूरचे-जवळचे दोन्ही दाखवणारी रंगीत लेन्स मिळणे तर कठीणच. त्यातही मायनस नंबरवाल्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. चष्मा काढून मोबाइल वाचण्याची त्यांची सवय लेन्स घातल्यावर बंद होते. एवढेच नाही, तर मायनसच्या चष्म्यातून जवळ पाहताना डोळ्याला जेवढा जोर लावावा लागतो, त्याहून जास्त जोर लेन्समधून लागतो. त्यामुळे चष्म्यावर पंचेचाळिशीपर्यंत निभावलेले वाचन लेन्स घातल्या दिवशी अचानक अवघड वाटते, आणि लेन्स खराब निघाली असा समज होतो. प्लस नंबरवाल्यांचा अनुभव याच्या उलट असतो. एका डोळ्यात दूरचा आणि दुसऱ्यात जवळचा नंबर देण्याचा मार्ग काहींना छान जमतो, पण त्यात खोलीचा अंदाज थोडा कमी होतो. जिने, गर्दी आणि रात्र यांत त्यावर विसंबू नये. रंगीत लेन्समध्ये दूरचा नंबर घ्यावा आणि वाचायला पर्समध्ये किंवा खिशात जवळचा चष्मा ठेवावा, हा जुनाच उपाय मला सर्वांत निर्धोक वाटतो. चष्म्याच्या कागदावरचा नंबर लेन्सला जसाच्या तसा चालत नाही, विशेषतः चारच्या पुढे. लेन्सची वक्रता आणि व्यास डोळ्याशी जुळवावे लागतात. म्हणून ऑनलाइन मागवायची असली तरी आधी लेन्ससाठीची वेगळी तपासणी आणि त्यासाठीचा वेगळा कागद हवा.

अश्रूंचा विचार लेन्सच्या जाहिरातीत कुठेच नसतो, पण वयस्क डोळ्यात लेन्स टिकणार की नाही हे तेच ठरवतात. पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी वयाबरोबर मंदावतात, रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये डोळे कोरडे पडण्याचे प्रमाण वाढते, आणि ॲलर्जीच्या, रक्तदाबाच्या, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही अश्रू कमी होतात. डोळे चुरचुरत असतील, सकाळी पापण्या चिकटत असतील, तर आधी त्यावर उपचार घ्यावा. पारपटलाला, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याला, रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू हवेतून मिळतो आणि लेन्स मध्ये येते. दिवसा वापरायच्या लेन्समधून किती प्राणवायू पार व्हायला हवा याची मर्यादा ब्रायन होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ मध्ये घालून दिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलमधून जुन्या हायड्रोजेलपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू जातो, पण रंगीत लेन्स अजूनही मोठ्या प्रमाणात जुन्या हायड्रोजेलच्याच बनतात. तेव्हा खोक्यावर ‘सिलिकॉन हायड्रोजेल’ लिहिले आहे का ते पाहावे, आणि लेन्स रोजच्या रोज टाकून देण्याची असेल तर उत्तम. रंग दोन थरांच्या आत आहे की पृष्ठभागावर, हेही विचारावे. पृष्ठभागावर उघडा पडलेला रंग खरखरीत असतो आणि त्यावर जंतू सहज चिकटतात. मधुमेह असणाऱ्यांनी तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय पुढे जाऊ नये. त्यांच्या पारपटलाची संवेदना कमी असू शकते, जखम कळत नाही आणि कळली तरी भरायला वेळ लागतो. काचबिंदूची औषधे डोळ्यात घालणाऱ्यांनीही तसेच, कारण थेंबांतले टिकाऊपणाचे रसायन मऊ लेन्समध्ये मुरते.

‘फक्त मुलीच्या लग्नात एक दिवस घालायची, त्यासाठी एवढे कशाला?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि मला तोच सर्वांत धोक्याचा वाटतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात शोभेच्या लेन्स वापरणाऱ्यांत पारपटलाच्या जंतुसंसर्गाची शक्यता नंबरसाठी लेन्स वापरणाऱ्यांच्या तुलनेत १६ पटींहून अधिक निघाली. या लोकांनी पुष्कळदा तज्ज्ञाला न विचारता लेन्स घेतल्या होत्या आणि त्या कशा हाताळाव्यात हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. म्हणजे क्वचित वापरणारा माणूसच जास्त अडचणीत येतो, कारण त्याच्या हाताला सवय नसते. त्यातून लग्नाचा दिवस : होमाचा धूर, एसी हॉल, तासन्‌तास व्हिडिओचे दिवे, आणि रात्री दमून लेन्स न काढताच झोपणे. १९८९ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मऊ लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या १०,००० लोकांमागे वर्षाला सुमारे ४ जणांना, तर लेन्स घालूनच झोपण्याच्या प्रकारात सुमारे २१ जणांना पारपटलाचा व्रण झाला होता. तेव्हा लग्नासाठी लेन्स हवी असेल तर निदान महिनाभर आधी तपासणी करून घ्यावी आणि घालण्या-काढण्याचा सराव घरी करावा. जवळचे दिसत नसताना आरशात पाहून लेन्स घालणे अवघड जाते, त्यासाठी मोठे दिसणारा आरसा घ्यावा. आधी लेन्स, मग काजळ आणि मेकअप. काढताना आधी लेन्स, मग चेहरा धुणे. काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावू नये. नळाचे पाणी लेन्सला आणि डबीला लागू देऊ नये, त्यात पारपटलाला संसर्ग करणारा अकांथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. पार्लरमध्ये कोणी दुसरीने घातलेली लेन्स देऊ केली, तर ती कितीही धुतलेली असो, नको म्हणावे. दागिने अंगावर असतानाच, हॉलवरच लेन्स काढून चष्मा लावून घरी यावे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डोळ्याचे माप घेण्याआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस लेन्स बंद ठेवावी लागते, कारण लेन्सने पारपटलाचा आकार किंचित बदलतो आणि माप चुकू शकते. शस्त्रक्रियेनंतर पिवळे भिंग निघून गेलेले असते, प्रकाश पुन्हा मोकळा येतो. रंगीत लेन्सची हौस असलेल्यांनी जखम पूर्ण भरेपर्यंत थांबले तर पुढे त्यांना ती आधीपेक्षा सोपी जाते.

आणि लेन्स घातल्यावर डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली, तर तत्क्षणी लेन्स काढावी, ती पुन्हा घालून पाहू नये, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. केमिस्टकडून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत. बुरशी किंवा विषाणूंचा संसर्ग असेल तर ते तो भडकवतात. काढलेली लेन्स आणि तिची डबी फेकून न देता बरोबर न्यावी. डोळ्यातल्या नमुन्यात जंतू सापडला नाही, तर कधी कधी तो डबीतल्या द्रवात सापडतो आणि कोणते औषध द्यायचे ते ठरवता येते.